अनोळखी पाऊल

घराच्या कंट्रोल बॉक्सच्या मागच्या खिळ्याला मी लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. त्यातली बत्तीस वर्षं मी मिरजेच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं होतं. नारळातून आग कशी काढतात, पाण्यावर दिवा कसा पेटवतात, बाबा-बुवांची ही सगळी हातचलाखी मी दरवर्षी आठवीच्या वर्गात करून दाखवायची आणि पोरांकडून वदवून घ्यायची, ‘बाई, यात चमत्कार काही नाही!’ त्याच मगदूम बाई भर सकाळी कोठीच्या खोलीत स्टुलावर चढून दोऱ्यात मिरच्या ओवत होत्या. गाठ मारायला फार वेळ लागला. उजव्या हाताची बोटं हल्ली धड ऐकत नव्हती. त्याचंही खापर मी घरावरच फोडलं.

हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर आधी आमच्या फरशीबद्दल सांगायला हवं.

गॅसचा जुना लायटर आठवतो का? खटका दाबला की ठिणगी पडायची. आत एक स्फटिक असतो, तो दाबला गेला की वीज देतो. आमच्या फरशीखाली त्याच जातीचा एक पडदा अंथरलेला आहे, दुधावरच्या सायीइतका पातळ. त्यावर पाऊल पडलं की इवलीशी वीज तयार होते. टाच आधी टेकली की चवडा, भार डावीकडे किती, पाय उचलायला किती वेळ लागला, दोन पावलांमध्ये अंतर किती, असं सगळं त्या विजेच्या लाटेत उमटतं. आपण दोघे सारख्या चपला घालू, सारखे कपडे घालू, पण सारखं चालू शकत नाही. फरशी प्रत्येकाची वीस पावलं एकदा शिकून घेते आणि मग माणूस ओळखते.

माझ्या मुलाने, सुमेधने, दोन वर्षांपूर्वी ही फरशी बसवून घेतली. ‘आई, तू दिवसभर एकटी असतेस, घराचं तुझ्याकडे लक्ष राहील,’ असं म्हणाला. पहिले काही दिवस मी खुळ्यासारखी अनवाणी इकडून तिकडे फिरत होते. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की माझा पांढराशुभ्र दिवा लागायचा, सुमेध आला की त्याचा निळसर. प्रत्येकाने आपापला रंग निवडायचा. परकं कुणी आलं तर घर म्हणायचं, ‘अनोळखी पाऊल,’ आणि गॅसची नळी बंद, स्वयंपाकघराचं दार बंद. ज्याला फरशी ओळखते अशा घरातल्या कुणीतरी ‘ओळखीचं आहे, येऊ दे’ असं म्हटलं की पुन्हा सगळं सुरू. आयुष्यभर फळ्यावर ज्याची आकृती काढली ते तत्त्व पायाखाली जिवंत झालं होतं. मला खरोखर हात जोडावेसे वाटायचे. तेव्हा ते विज्ञानाला जोडले असते, एवढाच फरक.

मग सुमेधचं लग्न झालं.

सुनेचं नाव आश्लेषा. इचलकरंजीची मुलगी, तिथल्याच एका कापड गिरणीत कापड तपासायचं काम करते. मैलभर कापड डोळ्यांखालून आणि यंत्राखालून घालायचं आणि दोष शोधायचा. कमी बोलते, नीट बघते. मला ती पहिल्या भेटीतच आवडली होती.

गृहप्रवेशाच्या दिवशी सुमेधला एक हौस सुचली. तो म्हणाला, ‘आश्लेषाची नोंद आत्ताच करू. उंबऱ्यावरच्या पहिल्या पावलापासून घर तिला ओळखेल!’ सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं. मलाच सगळ्यात जास्त. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं, ते तिने उजव्या पायाने लवंडलं. मग परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून ती आत आली. अंगावर जड शालू, पायात नवी जोडवी, पदराला सुमेधच्या उपरण्याची गाठ. तो पुढे, ती मागे. ओली लाल पावलं टाकत देवघरापर्यंत बरोबर वीस पावलं झाली, आणि फरशीने ‘नोंद झाली’ म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्लेषा चहा करायला स्वयंपाकघरात शिरली आणि घर म्हणालं, ‘अनोळखी पाऊल.’ गॅस बंद झाला.

आम्ही हसलो. मी म्हटलं, ‘ओळखीचं आहे, येऊ दे.’ पण तेच दुपारी झालं, संध्याकाळी झालं, रोज होऊ लागलं. ती न्हाणीघरात असताना गरम पाणी बंद व्हायचं. ती आत असताना दारं लागायची. एकदा माझं दूध अर्धं तापलेलं राहिलं, एकदा तिच्या भाकरीचं पीठ मळलेलं तसंच पडून राहिलं. घरात पाव्हणा आला तर तो ओशाळतो, इथे तर घरची सून आपल्याच घरात ओशाळून चालत होती.

कंपनीचे मुजावर म्हणून तंत्रज्ञ आहेत, ते येऊन गेले. फरशीची नोंदवही त्यांनी कंट्रोल बॉक्सवरच्या पाटीसारख्या पडद्यावर उघडली आणि डोकं खाजवलं.

‘मॅडम, नोंद तर ओके हाय. हे बघा, तिघंबी रोज दिसत्यात. शैलजा, सुमेध, आश्लेषा. आश्लेषा मॅडमना तर दिवसातनं चाळीस-पन्नासदा ओळखलंय की.’

‘मग अनोळखी कोण आहे?’

त्यांनी खालची ओळ दाखवली. ‘तेच म्हणतोय मी. घरात चौथं कुणी चालतंय का?’

मी हसण्यावारी नेलं, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. ते यंत्रणा एकदा बंद करून पुन्हा सुरू करून गेले. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हाही पडला नाही.

माझी थोरली बहीण सुलोचनाअक्का जयसिंगपूरला असते. तिला ही बातमी मिळाली आणि ती पुढच्याच बसने हजर झाली.

‘शैले, पत्रिका बघ म्हणलं तर हसलीस मला. आश्लेषा नक्षत्रावरची पोर सासूच्या मुळावर येती. नाव सुद्धा तेच ठेवलंय तिच्या आईबापानं, बिचाऱ्यांनी लपवलं न्हाई काही!’

‘अक्का, आश्लेषा म्हणजे आकाशातले पाच-सहा तारे आहेत. शंभराहून जास्त प्रकाशवर्षं लांब. मिरजेत कोण सासू राहते हे त्यांच्या गावीही नसतं.’

‘तुझ्या फरशीला तर ठावं हाय न्हवं? तिचा पाय घरात पडला आणि घर बिघडलं. आणि तुझी तब्येत बघ, कशी वाळलीयास. हातातनं कप सुटतोय. लिहितीस ते मला वाचायला येईना, मुंग्या बसल्यागत अक्षर झालंय.’

तिला मी झापलं. पण ती गेल्यावर मी वाणसामानाची यादी काढून बघितली. माझं फळ्यावरचं टपोरं अक्षर तालुक्यात प्रसिद्ध होतं. या यादीतलं अक्षर ओळीच्या शेवटी मोहरीएवढं झालं होतं. मी यादी फाडून टाकली. त्या दिवशी माझ्या मनात जे शिरलं ते बाहेर निघेना.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही मान खाली जाते. एका दुपारी आश्लेषा गिरणीतून आली. माझ्यासाठी आल्याचा चहा करते म्हणाली आणि आत गेली. ‘अनोळखी पाऊल.’ तिच्या पाठीमागे दार लागलं. मी बाहेर हॉलमध्ये होते. चार शब्दांचं काम होतं. ओळखीचं आहे, येऊ दे. मी ते शब्द बोललेच नाहीत. मी खुर्चीत बसून राहिले आणि मनात म्हटलं, घराला काहीतरी कळत असेल. आतून तिने एकदा हाक मारली, ‘आई?’ मग हाक मारायचीही थांबली. मिनिटभराने मी बोलले. दार उघडलं तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. ती आधण ठेवायला वळली. पण त्या मिनिटात मी बाहेरच बसून होते हे तिला कळलं होतं.

त्याच आठवड्यात ती भावाच्या बाळाच्या बारशाला चार दिवस माहेरी गेली, आणि मी लिंबू बांधलं.

गंमत बघा, चारही दिवस घर शांत. गॅस बंद झाला नाही, दार लागलं नाही. आठवीच्या पोराने असा प्रयोग वहीत लिहिला असता तर मी लाल शाईने शून्य दिलं असतं. लिंबू बांधलं त्याच वेळी सून घरात नव्हती, मग गुण लिंबाचा की तिच्या नसण्याचा? हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि तरी गोड वाटत होतं, कारण दोन्ही उत्तरं मला हवीशीच होती. एकच गोष्ट खटकत होती. स्वयंपाकघरातला माझा दिवा बऱ्याचदा पांढरा न लागता पिवळा लागायचा, कंदिलासारखा. विजेचा दाब कमी असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. आश्लेषा दुपारी परत आली, आणि थेट कोठीच्या खोलीत गेली. तिथून बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात कंट्रोल बॉक्सवरची पडद्याची पाटी होती, दुसऱ्या हातात सुकलेलं लिंबू. तिने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

‘आई, हे माझ्यासाठी होतं का?’

मी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं शक्य नव्हतं.

‘मी इचलकरंजीत खोली बघून आलेय. सुमेधला सांगितलंय. मला भांडायचं नाही, पण मला घरात शिरताना भीती वाटते आता.’ मग तिने पाटी माझ्याकडे वळवली. ‘जायच्या आधी एक तेवढं बघा. हे मला गिरणीत जमतं म्हणून मी बघितलं. हे मागचे चार दिवस.’

नोंदवहीत तिच्या नावापुढे ओळी होत्या. गुरुवार, आश्लेषा, स्वयंपाकघर, साठ पावलं. शुक्रवार, आश्लेषा, देवघर. शनिवार. रविवार सकाळ.

‘मी इथे नव्हते,’ ती म्हणाली. ‘मी बारशात लाडू वळत होते.’

 अक्काने हे बघितलं असतं तर तिने मांत्रिकच आणला असता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मीही नाही म्हटलं नसतं. माझ्या घरात ती नसताना तिची पावलं चालत होती.

‘कापडात असं दिसलं तर आम्ही भुताला बोलवत नाही,’ आश्लेषा म्हणाली. ‘दोन धागे एकमेकांच्या जागी गेलेत का ते बघतो. आई, स्वयंपाकघरातला दिवा या दिवसांत कोणत्या रंगाचा लागत होता?’

‘पिवळा. कंदिलासारखा.’

तिने पाटी खाली ठेवली. ‘तो रंग मी निवडला होता. आमच्या घरी आजोबांच्या हातमागाजवळ तसा दिवा होता. मला तो या घरात एकदाही लागलेला नाही.’

बत्तीस वर्षं शिकवलेली बाई माझ्या आत एकदम उठून उभी राहिली. मी सुमेधला हाक मारली आणि कपाटातून लग्नातलं उपरणं काढायला सांगितलं. तो घाबरला, त्याला वाटलं आईने आता नक्षत्रशांत करायचं ठरवलं. मी म्हटलं, ‘अरे, प्रयोग करायचाय! शालू नेस गं आश्लेषा. आणि परात आण.’

कारण मला आता दिसत होतं. फरशी माणूस ओळखत नाही, ती तुलना करते. समोरची पावलं पहिल्या वीस पावलांच्या नोंदींशी ताडून बघते, ज्याच्याशी जुळतील त्याचं नाव देते, कुणाशीच जुळली नाहीत तर अनोळखी. चोराने हळूहळू चाल बदलून फसवू नये म्हणून ती पहिली नोंद कधीच बदलत नाही. आणि आश्लेषाची पहिली वीस पावलं कुठली होती? ओल्या पायांनी, घसरू नये म्हणून जपून, जड शालूत, पुढच्या माणसाला बांधलेली! आम्ही हौसेने तिची नोंद केली होती ती तिची नव्हतीच. तशी ती आयुष्यात एकदाच चालली होती.

सुमेध पुढे, गाठ बांधलेली आश्लेषा मागे, पाय ओले. दोघे उंबऱ्यावरून आत येऊन स्वयंपाकघरात शिरले आणि पिवळा दिवा लागला.

आश्लेषाच्या तोंडून नुसता ‘आ’ निघाला. मी गाठ सोडली, पाय पुसायला लावले, साधी चाल म्हटलं. ‘अनोळखी पाऊल.’ सुमेधने टाळी वाजवली. मला तर नाचावंसं वाटत होतं. भूत नाही, नक्षत्र नाही, एक उपरणं आणि परातभर पाणी! त्या आनंदात मी पुढे झाले आणि म्हटलं, ‘मुजावरांना फोन करा, आत्ताच्या आत्ता हिची नवी नोंद करू.’

मी चालत स्वयंपाकघरात गेले होते. दिवा पिवळा लागला.

सुमेधने वर दिव्याकडे बघितलं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. माझ्या पायात जोडवी नव्हती, पाय कोरडे होते, मला कुणाला बांधलेलं नव्हतं. तरी फरशीच्या लेखी मी तशीच चालत होते.

‘आई,’ आश्लेषा हळूच म्हणाली, ‘परत एकदा चालता का? मी मागून बघते.’

मी चालले. ती जमिनीवर उकिडवी बसून माझे पाय बघत होती, कापड बघावं तशी. ‘पावलं लहान पडतायत. उजवा पाय घासतोय. उजवा हात हलतच नाही.’ मग तिने पाटीवर दोन वर्षांच्या माझ्या सगळ्या पावलांची रेघ काढली. लाखो पावलं होती. माझ्या प्रत्येक चहाची, प्रत्येक फोनची, प्रत्येक पूजेची. आधी सपाट चाललेली रेघ एका जागी वाकली होती आणि तिथून हळूहळू उतरत आली होती. ज्याला मी दिवे लावणारा नोकर समजत होते तो पडदा रोज मला वाचत होता. मला माझ्याबद्दल जे ठाऊक नव्हतं ते माझ्या पायाखाली लिहिलं जात होतं. भीती वाटायच्या आधी मला आश्चर्यच वाटलं. देवळात कळस बघताना मान मागे जाते, तशी मी त्या रेघेकडे बघत होते.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. कंपवात, म्हणजे पार्किन्सन. हात अजून कापत नव्हता. ‘इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही आमच्याकडे,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी पाठवलं?’ मी म्हटलं, ‘फरशीने आणि सुनेने.’

बातमी कळताच अक्का आली, माझ्या गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, ‘मी सांगितलं होतं की न्हाई? सासूच्या मुळावर.’

आश्लेषा दारात उभी होती. आणि मला कबूल करायचं आहे, तासभर मला अक्काचं खरं वाटावंसं वाटलं. आजाराला दोषी कुणी नसतो हे फार जड असतं. मेंदूतल्या मूठभर पेशी का मरतात हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यापेक्षा समोर एक माणूस असलं, त्याच्यावर रागावता आलं, त्याला घरातून घालवता आलं तर किती सोपं होतं. लिंबू बांधलं तेव्हा मला हाच सोपेपणा हवा होता.

मी अक्काला रेघ दाखवली. ‘ही कुठे वाकली बघ. तारीख वाच.’

‘मला चष्मा न्हाई.’

‘मी वाचते. लग्नाच्या चौदा महिने आधी. तेव्हा या पोरीचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हतं. ती आली म्हणून मी आजारी पडले नाही, अक्का. ती आली म्हणून मला कळलं.’ एवढं बोलून मी दाराकडे वळले. ‘आणि आश्लेषा, त्या दुपारी मी मुद्दाम गप्प बसले होते. दार मीच बंद ठेवलं. त्याची मला फार लाज वाटते.’

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. तिने इचलकरंजीच्या खोलीच्या मालकाला त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी मुजावर आले. आश्लेषा एकटी, अनवाणी, तिच्या नेहमीच्या लगबगीत वीस पावलं चालली, आणि स्वयंपाकघरात कंदिलाचा पिवळा उजेड पडला. ती त्या उजेडात नुसतीच उभी राहिली. मग माझी पाळी आली. सुमेध म्हणाला, ‘आई, नीट पाय उचलून चाल.’ मी त्याला दटावलं, ‘मग पुन्हा तीच चूक! जशी आहे तशीच नोंद होऊ दे.’ मी पाय घासत वीस पावलं चालले. माझा पांढरा दिवा लागला.

ते झाल्यावर आश्लेषाने रांगोळीचा डबा काढला. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, कंपवातात पाय आपोआप उचलला जात नाही, पण समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने पायाला हुकूम देतो. तिने उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एकेका ढांगेवर आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या. आणि पहिल्या रेघेवर, उंबऱ्यातच, तांदळाचं माप ठेवलं.

‘या आई. उजवा पाय.’

गेलं वर्षभर घासत असलेला तो पाय मी उचलला. तो वर आला! माप लवंडलं, तांदूळ फरशीभर पसरले. मी एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरी. पाचव्या रेघेपर्यंत माझा हातही हलू लागला. सात वर्षांपूर्वी वर्गात जायचे तशी मी चालत होते.

घराने ते क्षणभर ऐकलं. मग ते म्हणालं, ‘अनोळखी पाऊल.’ स्वयंपाकघराचं दार माझ्या तोंडावर बंद झालं.

आम्ही तिघेही मोठ्याने हसलो. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच माझ्या पाठीमागून आश्लेषा म्हणाली,

‘ओळखीचं आहे. येऊ दे.’